भाड्याचं विमान, पण विमा कुणाचा?

बाबांना छोट्या विमानातून एकदा फिरवून आणायचं, हे ऑक्टोबर २०२३ पासून माझ्या मनात होतं. ओहायोत खासगी वैमानिकाचं लायसन्स हातात आलं त्याच दिवसापासून. प्रत्यक्ष उड्डाण झालं २७ जुलै २०२४ ला. मधल्या नऊ महिन्यांत विमान चालवण्यापेक्षा विमानाच्या विम्यावर माझे जास्त दिवस गेले, आणि त्यातले महत्त्वाचे चार आठवडे मी कोकणात हर्णैला, आमच्या घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून काढले. आपल्याकडची बरीच मुलं-मुली हल्ली अमेरिकेत नोकरी करता करता लायसन्स काढतात. त्यांच्यापैकी कुणाची थोडी दमछाक वाचावी म्हणून तारखा आणि आकड्यांसकट सगळं लिहून ठेवतेय.

लायसन्ससाठी किमान ४० तास उड्डाण लागतं. परीक्षेच्या दिवशी माझे ७१ भरले होते. तोवर विमान उड्डाण शिकवणाऱ्या शाळेचं, शेजारी इन्स्ट्रक्टर, त्यामुळे विम्याचा विचारच कधी आला नाही. पास झाल्यावर त्याच शाळेचं सेस्ना १७२ हे चार आसनी विमान भाड्याने घ्यायचं, तर चार पानी करारावर सही करायची होती. मी काउंटरवर विचारलं, ‘विमानाचा विमा आहे ना?’ उत्तर आलं, ‘आहे.’ मी सही केली. उत्तर खरंच होतं. माझा प्रश्न अर्धा होता.

मार्च २०२४ मध्ये आमच्याच मैदानावर एका भाडेकरू वैमानिकाचं लँडिंग चुकलं. विमान उसळलं, पुढचं चाक आधी टेकलं आणि प्रोपेलरची पाती धावपट्टीला लागली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण प्रोपेलर असा लागला की नुसती पाती बदलून भागत नाही, इंजिन पूर्ण उघडून आतून तपासावं लागतं. विमा कंपनीने शाळेला पैसे दिले, आणि काही आठवड्यांनी त्या वैमानिकाला कंपनीचं पत्र आलं: आम्ही मालकाला भरपाई दिली आहे, नुकसान तुमच्या हातून झालं, तेव्हा ती रक्कम तुम्ही आम्हाला द्या. याला सब्रोगेशन म्हणतात. मालकाची भरपाई केली की मालकाचा वसुलीचा हक्क कंपनीकडे येतो. ते पत्र त्याने मला हँगरमध्ये दाखवलं. त्या रात्री मी माझा करार पहिल्यांदा नीट वाचला.

नवव्या कलमात लिहिलं होतं की डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यातली मालकाने स्वतः सोसायची पहिली रक्कम, भाडेकरू भरेल. आमच्याकडे ती २,५०० डॉलर होती. शिवाय दुरुस्तीमुळे विमान जमिनीवर उभं राहील तेवढ्या दिवसांचं बुडालेलं उत्पन्नही भाडेकरूकडून. आणि शाळेच्या पॉलिसीत विमाधारक म्हणून फक्त शाळा. मी कुठेच नव्हते. एफएए, म्हणजे तिथलं विमान वाहतुकीचं नियामक खातं, स्वतःच्या आनंदासाठी उडणाऱ्या खासगी वैमानिकावर विम्याची सक्ती करत नाही. त्यामुळे कुणी टोकल्याशिवाय माणूस वर्षानुवर्षं असाच उडत राहू शकतो.

४ मे ला मी सुट्टीवर घरी आले. ठरवलं होतं, हे प्रकरण इथेच बसून संपवायचं. आई-बाबा १० जुलैला माझ्याकडे यायचे होते. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, बाबांची मासेमारीची बोट शाकारून ठेवलेली असते, तेवढ्यातच त्यांना बाहेर पडता येतं. नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना परत यायचं होतं.

७ मे ला मतदान होतं. सकाळी तिघं मत देऊन आलो आणि संध्याकाळी सातला मी पहिला फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. घरात मोबाइलला एक दांडी रेंज, गच्चीवर टाकीजवळ तीन. समोर सुवर्णदुर्ग, खाली बंदरात लिलावाचा गलका, आणि कानात ओहायोच्या विमा एजंटचा आवाज. मी मागत होते त्या पॉलिसीला तिकडे ‘नॉन-ओन्ड’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्या मालकीचं नसलेलं विमान चालवणाऱ्याची पॉलिसी. साधारण ‘रेंटर्स इन्शुरन्स’ म्हणूनच ओळखतात. तिचे मुख्य भाग दोन. एक, माझ्यामुळे इतरांना इजा झाली किंवा जमिनीवर कुणाची मालमत्ता मोडली तर त्याची जबाबदारी. दुसरा, भाड्याने घेतलेल्या विमानाचंच नुकसान. दुसरा भाग आपोआप मिळत नाही, तो मागून घ्यावा लागतो आणि त्यानेच हप्ता फुगतो.

फॉर्ममध्ये विचारलं होतं ते असं: एकूण तास, गेल्या १२ महिन्यांतले तास, गेल्या ९० दिवसांतले तास, कुठल्या बनावटीच्या विमानावर किती, मेडिकलची, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राची तारीख, शेवटच्या फ्लाइट रिव्ह्यूची, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरच्या ठरावीक मुदतीच्या उजळणीची तारीख, आधीचे अपघात, आधीचे दावे. माझं लॉगबुक ओहायोत कपाटात. नशिबाने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायची सवय होती, नाहीतर सगळं चार आठवडे पुढे गेलं असतं. लॉगबुकचे फोटो ठेवाच, आणि तासांची बेरीज अंदाजाने लिहू नका. फॉर्ममधला चुकीचा आकडा दाव्याच्या वेळी समोर येतो.

आकडे भरता भरता मी ‘हल’ या शब्दाशी अडले. त्या रकान्यात रक्कम लिहायची होती. बाबा टाकीवर हात ठेवून उभे होते. ‘हल?’ म्हणाले, ‘ते माझ्याकडे पण आहे.’ खाली गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून फाईल घेऊन आले. त्यात बोटीची पॉलिसी होती, कडा पिवळ्या झालेल्या. मरीन हल. बोटीचा सांगाडा आणि इंजिन. विमानाच्या पॉलिसीवरही सांगाड्याला तोच शब्द.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी लहान असतानाची, पण मला माहीत नव्हती. एका हंगामात बाबांनी बोट दुसऱ्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, भाड्याने दिली होती. ओहोटीच्या वेळी ती खडकावर बसली. माणसं वाचली. बाबांना विम्याचे पैसे मिळाले, खूप कापून आणि खूप फेऱ्या मारायला लावून, पण मिळाले. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, तो तांडेल बाजूला उभा होता, त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. त्याची जाळी गेली होती, बर्फाच्या पेट्या गेल्या होत्या, त्याच्या एका खलाशाचा हात मोडला होता. ‘त्याला वाटलेलं, बोटीचा विमा आहे म्हणजे सगळ्यांचा आहे,’ बाबा म्हणाले. ‘विमा बोटीचा होता गो बाय. त्याचा नव्हता.’ त्याने जाळ्यांचं कर्ज तीन वर्षं फेडलं. बाबांनी पुढे कधी बोट भाड्याने दिली नाही.

त्या रात्री मी वहीच्या पानावर चार नावं लिहिली. शाळा, मी, जमिनीवरची माणसं, बाबा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: याचं नुकसान झालं तर पैसे कुठल्या पॉलिसीतून येणार? पुढचे सगळे दिवस या चार ओळी भरण्यात गेले. तुम्ही विमान भाड्याने घेणार असाल तर सुरुवात या कागदापासून करा, कोटेशनपासून नको.

शाळेची ओळ. ८ मे ला मी शाळेला ईमेल पाठवला, तीन प्रश्नांचा. पॉलिसीत विमानाची ठरलेली किंमत किती, तुमची विमा कंपनी भाडेकरूविरुद्ध वसुलीचा हक्क सोडून देते का, आणि तुमच्या पॉलिसीत वैमानिकाला तासांची काही अट आहे का. उत्तर नऊ दिवसांनी आलं, तेही दोनदा आठवण केल्यावर. किंमत ९५,००० डॉलर. वसुलीचा हक्क सोडलेला नाही. तासांच्या अटीत मी बसत होते. फोनवर हेच विचारलं असतं तर ‘काळजी करू नका’ एवढंच ऐकायला मिळालं असतं, पहिल्या वेळी मिळालं होतं तसंच. म्हणून लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

बाबांची ओळ सगळ्यात जड गेली. स्वस्त पॉलिसींमध्ये एका घटनेसाठी २.५ लाख डॉलरची जबाबदारी लिहिलेली असते, आकडा भरघोस दिसतो. त्याच्याच खाली बारीक अक्षरात प्रत्येक प्रवाशामागे मर्यादा असते: २५,००० डॉलर. तिथल्या इस्पितळात गंभीर जखमी माणसाचे २५,००० डॉलर किती दिवस पुरतील याचा हिशेब करायला मला वेळ लागला नाही. गच्चीवर बसून मी तो आकडा बघत होते आणि खाली बाबा अंगणात जाळं विणत होते. बराच वेळ मला पुढचं पान उलटवता आलं नाही.

मग बाबांच्या प्रवास विम्याकडे वळले. अमेरिकेच्या वास्तव्यासाठी तो काढायचाच होता. दापोलीच्या एजंटने सांगितलं, ‘विमानाचा अपघात कव्हर आहे, विमान म्हणजे विमान.’ मी पॉलिसीचे नियम मागवून वाचले. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत स्पष्ट होतं: नियमित प्रवासी विमानात तिकीट काढून बसलेला प्रवासी सोडून इतर कुठल्याही हवाई प्रवासातली इजा धरली जाणार नाही. मुलीने भाड्याने घेतलेल्या चार आसनी विमानात बाबा तिकीट काढून बसणार नव्हते. कंपनीला ईमेल केला, सहा दिवसांनी उत्तर आलं: नाही, कव्हर नाही. एजंटचा हेतू वाईट नव्हता, पण दाव्याच्या वेळी त्याचं तोंडी वाक्य उपयोगी पडलं नसतं. आपल्याकडच्या वैयक्तिक अपघात पॉलिसींतही हवाई प्रवासाचं असंच कलम असतं, आणि स्वतः विमान चालवणारा माणूस त्यातून सरळ बाहेर पडतो. माझ्या आयुर्विम्याला जोडलेल्या अपघात रायडरमध्ये, म्हणजे जादा घेतलेल्या अपघात संरक्षणात, ते होतंच. उड्डाण सुरू केल्याचं पत्र मी शाखेत नेऊन दिलं आणि पोचेवर शिक्का घेतला.

हे सगळं मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. प्रवास विमा या उड्डाणाला लागू नाही. माझी पॉलिसी प्रवाशाला पैसे देईल, पण माझी कायदेशीर जबाबदारी ठरली तर, आणि मर्यादेपर्यंतच. त्याशिवाय उपचारांसाठी एक छोटी रक्कम आहे, ती कुणाची चूक हे न बघता मिळते, पण छोटी आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तू हवा बघून निघतेस ना?’ मी म्हटलं, ‘हो. आणि नको वाटली तर निघत नाही.’ ‘मग येतो मी,’ म्हणाले. आई म्हणाली, ‘मी खालीच थांबते. खाली पण कुणीतरी लागतं.’

एजंटला मी अजून एक प्रश्न लेखी विचारला. माझे आई-वडील माझ्या घरी राहायला आलेले असतील, तर ते प्रवासी धरले जातील की ‘कुटुंबीय’ म्हणून वगळले जातील? उत्तर आलं की या पॉलिसीत पाहुणे म्हणून आलेले आई-वडील प्रवासीच, पण मी स्वतः विमाधारक असल्यामुळे माझ्या इजेला ही पॉलिसी पैसे देणार नाही. तुमच्या पॉलिसीत हे वेगळं असू शकतं. विचारल्याशिवाय राहू नका.

कोटेशन तीन आली. फक्त जबाबदारी, २.५ लाख आणि प्रवाशामागे २५,०००, विमानाचं नुकसान नाही: वर्षाला ११८ डॉलर. जबाबदारी १० लाख, प्रवाशामागे १ लाख, विमानाचं नुकसान ६०,००० पर्यंत: ६८४ डॉलर. तेच, पण विमानासाठी १ लाख: ९०५ डॉलर. मी मधलं घेतलं. त्या वेळच्या दराने ५७,००० रुपयांच्या आसपास. विमान पूर्ण मोडलं तर ३५,००० डॉलरची उघडी बाजू राहते, हे मला माहीत होतं. पण प्रोपेलर आणि इंजिन, पुढचं चाक, पंखाचं टोक असे जे अपघात भाडेकरूंच्या हातून जास्त होतात, ते ६०,००० मध्ये बसतील असा मी हिशेब केला. प्रवाशामागची मर्यादा मात्र कमी करायला तयार नव्हते. हप्ता परवडत नसेल तर माझं मत असं: आधी हलची रक्कम कमी करा, प्रवाशाची नको.

२४ मे ला मी होकार कळवला. पुढचे तीन दिवस काहीच नाही. शनिवार, रविवार आणि २७ मे ला सोमवारी तिकडे मेमोरियल डेची सुट्टी. २८ ला पॉलिसीचा मसुदा आला आणि त्यात माझं नाव चुकलं होतं. पासपोर्टवर आणि लायसन्सवर माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव अशी तीन नावं आहेत. पॉलिसीवर मधलं नावच नव्हतं. एजंट म्हणाला, मधलं नाव महत्त्वाचं नसतं. मी आग्रह धरला, कारण लायसन्सवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव जुळलं नाही तर पुढे कोण कुणाला समजावत बसणार. दुरुस्तीला दोन दिवस लागले. ३० मे ला संध्याकाळी, लाइट गेलेली असताना, फोनच्या उजेडात मी अमेरिकन कार्डावरून पैसे भरले. पॉलिसी सुरू झाली १ जून २०२४ पासून. त्याच दिवशी मासेमारी बंदी लागते. मसुदा नीट झाला तेव्हा बाबा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी वाचलं फक्त मधलं नाव.

परतल्यावर एक गोष्ट राहिली होती. पॉलिसी घेतली म्हणजे ती कायम चालू असते असं नाही. मेडिकल वैध हवं, २४ महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू झालेला हवा, आणि प्रवासी घ्यायचा तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. यातलं एक जरी निसटलं तर कंपनी दावा नाकारू शकते. प्रवाशाकडून खर्चातल्या त्याच्या वाट्यापेक्षा जास्त पैसे घेतले तरी तेच, शिवाय नियमभंग वेगळा. माझं शेवटचं उड्डाण २७ एप्रिलचं होतं. बाबांना घेऊन निघायच्या दिवशी बरोबर ९१ दिवस भरले असते. शिवाय शाळेचा स्वतःचा ६० दिवसांचा नियम होता. म्हणून २९ जूनला इन्स्ट्रक्टरबरोबर १.१ तास उडाले, पाच लँडिंग केली. विमानाचे १८१ डॉलर ५० सेंट, इन्स्ट्रक्टरचे ६५. पॉलिसीचं सर्टिफिकेट शाळेच्या फाईलला लावून घेतलं आणि त्यांच्याकडून पोच घेतली.

२७ जुलै, शनिवार. सकाळी सातला मैदानावर वारा जवळजवळ पडलेला होता. बाबांनी गाडीतून उतरल्या उतरल्या वाऱ्याची पिशवी शोधली आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. मी पंखाखाली जाऊन छोट्या पारदर्शक कपात टाकीच्या तळाचं इंधन काढलं. निळसर रंग, तो उजेडात धरून बघायचा असतो. पाणी इंधनापेक्षा जड, असलं तर तळाशी बुडबुड्यासारखं बसतं. बाबा जवळ आले. ‘पाणी बघतेस?’ बोटीच्या डिझेल फिल्टरमधलं पाणी त्यांनी आयुष्यभर काढलं आहे. कप माझ्या हातातून घेतला, तिरका केला, पुन्हा सरळ धरला, डोळ्यांजवळ नेला. ‘साफ आहे,’ म्हणाले. मग दुसऱ्या पंखाखाली स्वतःच जाऊन थांबले.

ईरी सरोवराच्या काठाकाठाने गेलो. एकच इंजिन, म्हणून ते बंद पडलं तरी तरंगत जमिनीवर परतता येईल एवढंच आत. सेस्नाचा पंख वर असतो, खालचं सगळं मोकळं दिसतं. बाबा काचेला कपाळ लावून बसले होते. किनाऱ्याजवळ पाण्याचा रंग बदलतो तिथे बोट दाखवून हेडसेटमधून म्हणाले, ‘इथे उथळ आहे.’ एवढंच बोलले सगळ्या वाटेत. उतरल्यावर आईने त्यांच्या हातात थर्मासचा चहा दिला, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. माझेही.

मीटर १.२ तास दाखवत होतं. १६५ च्या दराने इंधनासकट १९८ डॉलर भरले.

परत जाताना बाबांनी सर्टिफिकेटची एक प्रत मागून घेतली. ती आता हर्णैला ट्रंकेत, बोटीच्या पॉलिसीमागे लावलेली आहे. या वर्षी ३१ मे ला रात्री त्यांचा फोन आला. बोटी आंजर्ले खाडीत आणल्या, इंजिन उतरवलं, उद्यापासून बंदी, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, ‘आणि तुझा विमा भरलास काय? उद्या संपतो तो.’

मी सकाळीच भरला होता.